वाळवण

मराठी भाषेने भुशाला कधी मान दिला नाही. ‘डोक्यात काय भुसा भरला आहे?’ हा प्रश्न आमच्या पिढीतील बहुतेकांनी गणिताच्या तासाला ऐकलेला असेल. सुरतेकडची मंडळी निदान ‘भुसूं’ नावाचे फरसाण आवडीने खातात. आपल्याकडे मात्र भुसा म्हणजे झाडून काढावा, पोत्यात भरावा आणि विसरून जावा असा जिन्नस. असे असता याच भुशापायी आमच्या घरात सहा महिने खल चालला, वाड्याच्या हिश्श्याचे पैसे पणाला लागले, आणि दोघा भावांत आयुष्यात प्रथमच आठ दिवस अबोला राहिला. प्रश्न एवढाच होता की, ओला भुसा वाळवण्याचे यंत्र विकत घ्यावे की न घ्यावे.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांची कहाणी बहुधा एकाच चालीवर सांगितली जाते. १७३४ साली गायकवाडांनी बडोदे पुन्हा हस्तगत केले. त्यांच्यामागून शिलेदार आले, कारकून आले, पुराणिक आणि वैद्य आले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या सरकारची चाकरी झाली. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले, आणि चाकरीची मंडळी बँकेत, शाळेत, रेल्वेत, नव्या विद्यापीठात विखुरली. धंदा हा शब्द आपल्याकडे शेजाऱ्यांचा. आपण तो कौतुकाने किंवा किंचित नाक मुरडून उच्चारायचा. आमच्या आजोबांनी हा शिरस्ता मोडला. कलाभवनात त्यांनी सुतारकाम शिकून घेतले. सयाजीरावमहाराजांच्या आश्रयाने १८९० साली उघडलेल्या या संस्थेची उभारणी केली ती सुरतेच्या सुतार कुटुंबात जन्मलेल्या प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. हाताने काम करणारा माणूस शिकलेलाही असू शकतो, ही गोष्ट त्या काळच्या कारकुनी घराला पटवणे सोपे नव्हते. आजोबांनी ती पटवण्याच्या भरीस न पडता लाकडाची वखार घातली, आणि नातेवाइकांत ‘लाटीवाले’ हे बिरुद आम्हांला कायमचे चिकटले.

आता या वखारीचे धनी आम्ही तिघे. थोरले बंधू, ज्यांना सारे दादा म्हणतात, आम्ही, आणि दादांचा मुलगा, ज्याने कलाभवनाच्याच पुढच्या अवतारात, म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत, यंत्रशास्त्राची पदवी घेतली. सागाचे दिवस केव्हाच सरले. हल्ली कांडला बंदरातून गांधीधामला न्यूझीलंडचे पाइन लाकूड उतरते, ते आमच्याकडे येते, आणि त्याची खोकी व पाटे होऊन कारखान्यांची यंत्रसामग्री परदेशी जाते. अशा खोक्यांच्या लाकडाला परदेशी जाण्यासाठी एक संस्कार करावा लागतो: गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता, आणि तीही सलग ३० मिनिटे, म्हणजे लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाणार नाही. २००२ साली ठरलेला हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड तापवणे हे आमच्या नित्याच्या परिचयाचे. भुसा वाळवणे मात्र त्याहून निराळे निघाले.

भुशाचा पहिला धडा आम्हांला कोणत्याही पुस्तकाने दिला नाही. तो आजीच्या शेगडीने दिला. भुशाची शेगडी आज कोणाच्या स्वयंपाकघरात दिसणार नाही, म्हणून तिचे वर्णन करतो. पत्र्याचा गोल डबा, तळाशी एका बाजूस भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून लाटणे सरकवून तिच्या बुडाशी टेकवायचे, आणि भोवताली भुसा ठासठासून भरायचा. मग बाटली आणि लाटणे अलगद फिरवून काढून घेतले की, भुशात एक उभी आणि एक आडवी वाट तयार होते. खालून काडी लावली की हवा आडव्या वाटेने आत शिरते, ज्योत उभ्या वाटेने वर येते, आणि दोन-तीन तास कोणी फुंकायला न बसता वरण-भात-भाजी होऊन जाते. अट एकच, भुसा कोरडा हवा. तो सादळला असेल तर ज्योतीऐवजी धूर, आणि धुराबरोबर सगळ्या घराच्या डोळ्यांना पाणी. म्हणून चैत्र-वैशाखात गच्चीवर एका बाजूस कुरडया-पापडांचे वाळवण आणि दुसऱ्या बाजूस जुन्या धोतरावर भुशाचे वाळवण, असा थाट असे. कोरडेपणाची परीक्षा आजी मुठीने करी. मूठभर भुसा आवळून मूठ उघडायची. लाडू राहिला तर ओला, बोटांमधून सांडला तर वाळला.

आजची शेगडी म्हणजे कारखान्याचा बॉयलर. गुजरातेत कित्येक ठिकाणी बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी किंवा त्याच्या जोडीने भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या जाळतात. त्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, जरी त्या पांढऱ्याही नसतात आणि कोळसाही नसतात. प्रेसचा दट्ट्या भुशाला साच्यात इतक्या जोराने ठोकतो की घर्षणाने तो तापतो, लाकडातले लिग्निन मऊ होऊन गोंदाचे काम करते, आणि बाहेर न चिकटवता चिकटलेली टणक कांडी येते. बाहेरचा डिंक नाही, रसायन नाही. फक्त भुशात ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. त्याहून जास्त असेल तर साच्यातच वाफ होते आणि कांडी फटाक्यासारखा आवाज करून फुटते किंवा हाताला लागताच विरघळते. आमच्याकडे असा एक जुना प्रेस २०२१ पासून आहे. तासाला पाचशे किलो कांड्या पाडतो. आमच्या आणि शेजारच्या पाच-सहा वखारींच्या भुशावर त्याचे पोट भरते.

हा प्रेस आठ महिने काम करी आणि चार महिने उपास. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत बडोद्याचे ऊन आमचे बिनपगारी नोकर होते. आवारात भुसा पसरायचा, दाताळ्याने पालटायचा, तिसऱ्या दिवशी उचलायचा. आषाढ लागला की प्रेसला कुलूप, आणि ओला भुसा मिळेल त्या भावाने दुसऱ्याला विकणे. घेणारा मूठ आवळी, मान हलवी, आणि वजनातून स्वतःच्या मर्जीने पाण्याची वजावट करी. वजावट किती करावी हे त्याच्या मुठीवर अवलंबून, आणि मूठ त्याची असल्यामुळे भुसा नेहमीच ओला निघे.

त्यात २०२४ चा ऑगस्ट आला. विश्वामित्रीने बडोद्यात जे केले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. अनेकांच्या तळमजल्यावरच्या भिंतींवर ती रेघ अजून असेल. वखारीच्या आवारात मांडीभर पाणी चढले. पाणी ओसरल्यावर भुशाचे ढीग जागेवरच होते, पण आठवड्याने त्यांतून वाफा येऊ लागल्या. ओल्या भुशाच्या मोठ्या ढिगात सूक्ष्म जंतू वाढतात आणि आतून उष्णता धरतात; हात खुपसला तर चटका बसावा इतकी. पाण्याने भिजलेली वस्तू आगीच्या भीतीने उकरून पसरावी लागते, हा विपर्यास आम्ही त्या भाद्रपदात पाहिला. महिनाभराचा माल खतासाठी द्यावा लागला. त्याच सुमारास पुतण्याच्या हाती पुण्याच्या एका कारखान्याचे नेमणूकपत्र आले. ते टेबलावर ठेवून तो म्हणाला, “काका, वखार चार महिने बंदच राहणार असेल, तर मी बारा महिने इथे राहून काय करू?” आणि त्याच्या शेजारी त्याने दुसरा कागद ठेवला. त्यावर वाळवणयंत्राचा आराखडा होता.

पैशाचा विषय आता सांगितला पाहिजे. दांडिया बाजारातील आमचा वाडा चुलत भावंडांच्या संमतीने २०२३ साली विकला गेला. हिश्श्याची रक्कम बँकेत मुदतठेवीत होती, आणि दादांच्या मनात ती ठेव नव्हती, वाडाच होता. फक्त त्याला आता जिने नव्हते. पुतण्याच्या आराखड्याला ती बहुतेक सगळी लागत होती. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी लग्नाच्या पंगतीत दादांना ऐकवले, “वाडा विकून भुसा वाळवणार म्हणे!” दादा हसले, पण घरी आल्यावर म्हणाले, “आजीच्या गच्चीवर यंत्र नव्हते, तरी शेगडी पेटत होती.” मुलगा म्हणाला, “बाबा, पणजीची शेगडी दिवसाला चार-पाच किलो भुसा खात असेल. आपला प्रेस तासाला पाचशे मागतो.” दोघांचेही खरे होते. अबोला सुरू झाला तो दादांत आणि आमच्यात, कारण आम्ही मुलाची बाजू घेतली.

आठ दिवसांनी दादांनी एकच वाक्य उच्चारले: “यंत्र घ्यायचे ते कशासाठी, हे मला आधी आकड्यांत सांगा.” बडोदे संस्थानाने १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा ‘श्री सयाजीशासनकल्पतरु’ हा आठ भाषांतील कोश प्रसिद्ध केला, त्या संस्थानच्या कारकुनांचे रक्त ते. शब्द नेमका ठरल्याखेरीज फाइल पुढे सरकायची नाही.

मग आम्ही तिघे आकड्यांना बसलो. हजार किलो ओला भुसा घ्या, ज्यात निम्मे पाणी आहे. म्हणजे लाकूड ५०० किलो आणि पाणी ५०० किलो. त्यात १० टक्के ओलावा उरेपर्यंत तो वाळवला, तर हाती साधारण ५५६ किलो राहतो. उरलेले ४४४ किलो हे निव्वळ पाणी. ते हवेत घालवायचे. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास शास्त्राप्रमाणे सहाशेच्या वर किलोकॅलरी उष्णता लागते. प्रत्यक्ष यंत्रात गरम हवा धुराड्यातून निघून जाते, पत्रे तापतात, म्हणून आठशे ते हजार धरावी. नऊशेने हिशेब केला तर ४४४ किलो पाण्यासाठी चार लाख किलोकॅलरी होतात. वाळलेला भुसा किलोमागे सुमारे चार हजार देतो. याचा अर्थ शंभर किलो वाळलेला भुसा भट्टीत घातला, तेव्हा उरलेला साडेचारशे किलो विकायला मिळणार. मालाचा जवळजवळ पाचवा हिस्सा मालच वाळवण्यात जळणार, वर पंख्याची वीज निराळी. दादांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “म्हणजे यंत्र भुसा वाळवत नाही, पाणी विकत घेते आणि आकाशात फेकते.” यंत्र विकणाऱ्या कोणाही अभियंत्याने इतक्या स्वच्छ शब्दांत ते आम्हांला सांगितले नव्हते.

त्या वाक्याने आमची खरेदीची दृष्टीच पालटली. दरपत्रके येत होती त्यांत ठळक अक्षरांत ‘तासाला एक टन’ असे असे. एक टन काय? आत जाणारा ओला, की बाहेर येणारा वाळलेला? किती ओला, किती वाळलेला? कोणी ओलावा ५० टक्के लिही, कोणी १००. पहिल्याने एकूण वजनाशी पाण्याचे प्रमाण धरलेले, दुसऱ्याने कोरड्या लाकडाशी. अर्धे पाणी असलेला भुसा एका पद्धतीने ५० टक्के ओला आणि दुसऱ्या पद्धतीने १०० टक्के. एकाच भुशाचे दोन चेहरे. म्हणून आम्ही सर्वांना एकच प्रश्न लिहून पाठवला: आपले यंत्र तासाला किती किलो पाणी काढते? सात जणांना पत्रे गेली; उत्तर तिघांचे आले. उरलेल्या चौघांची निवड त्यांनी स्वतःच आमच्यासाठी करून टाकली.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही राजकोटच्या बाजूस यंत्रे पाहायला गेलो. कांड्यांच्या यंत्रांचे ते आगरच आहे. पहिल्या कारखान्यात आमच्यासमोर यंत्र सुरू झाले. गरम हवेच्या उंच नळीत भुसा भिरकावला जातो, काही क्षणांत वर जातो, सायक्लोनमध्ये गरगरत हवेपासून वेगळा होतो आणि खाली पीठ पडावे तसा पडतो. देखावा खरोखर डोळ्यांना सुखावणारा. आम्ही मात्र आत जाणाऱ्या भुशाची मूठ आवळली. तो बोटांतून सांडला. आमच्या चेहऱ्याकडे पाहून मालक म्हणाले, “शेठ, आ तो सॅम्पल छे.” वाळलेला भुसा वाळवून दाखवणारे यंत्र चांगलेच असणार, यात शंका नाही.

दुसऱ्या दोन ठिकाणी पुतण्याने आधीच परवानगी घेतली होती. टेम्पोत आमच्याच पाइनच्या ओल्या भुशाची पोती प्लास्टिकमध्ये बांधून नेली होती. पहिल्या ठिकाणी तसेच उंच नळीचे यंत्र होते. त्यातून बारीक भुसा छान वाळून आला. पण आमच्या मालात रंध्याच्या साली आणि ढलप्याही असतात, आणि त्या क्षणभराच्या प्रवासात वरून कोरड्या, आतून ओल्या राहिल्या. एका फेरीत ओलावा बावन्नावरून एकतीसवर आला, पुढे नाही. दुसऱ्या ठिकाणी फिरता ड्रम होता: किंचित उतरता ठेवलेला लांब नळकांडा, आतून पट्ट्या लावलेला, सावकाश फिरणारा. भुसा पट्ट्यांवर चढतो, गरम हवेतून खाली सांडतो, पुन्हा चढतो; पंधरावीस मिनिटांनी दुसऱ्या टोकाला पोहोचतो. साल काय, ढलपी काय, सर्वांना सारखा वेळ मिळतो. ओलावा तेरावर आला. किंमत अधिक, जागाही अधिक. परतीच्या वाटेवर दादा म्हणाले, “आजी दाताळ्याने पालटायची, तेच हा करतो.” आम्ही काही बोललो नाही, यंत्राची इतकी प्रशंसा त्यांनी प्रथमच केली होती.

किती वाळवायचे याचा दाखला मात्र आम्हांला घरातच मिळाला. वाडा पाडताना सागाच्या काही तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या आम्ही वखारीत आणून ठेवल्या होत्या. फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाला देव्हाऱ्यासाठी जुना साग हवा होता, म्हणून एक तुळई करवतीवर चढली. पुतण्या तेव्हा भट्टीपेटीत भुशाचे नमुने वाळवून मोजत असे: शंभर ग्रॅम घ्यायचा, १०५ अंशांवर वजन उतरेनासे होईपर्यंत ठेवायचा, आणि जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओलावा. त्याने तुळईच्या भुशाचाही नमुना ठेवला. शंभराचे साडेनव्वद भरले. शेजारच्या बशीतील पाइनच्या शंभराचे अठ्ठेचाळीस. शंभरावर वर्षे आमच्या डोक्यावर राहिलेल्या लाकडाने एकाही यंत्राशिवाय, एकाही रुपयाशिवाय नेमका प्रेसला हवा तो कोरडेपणा गाठला होता. अर्थात त्यात चमत्कार नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी देवघेव करीत एका समतोलाला येते, आणि आपल्याकडच्या हवेत तो समतोल वर्षाच्या मोठ्या भागात याच सुमारास असतो. दादा त्या दोन बश्यांकडे बराच वेळ पाहत होते. वाडा म्हणजे काय होते, याची आमच्या घरात अनेक उत्तरे होती: मान, ओळख, सणवार, भांडणे. त्यातले वजन किती आणि पाणी किती, हे आम्ही कधी मोजले नव्हते.

आम्ही तुळईच्या त्या भुशाला काय केले असे कोणी विचारील. प्रेसमध्ये घातला. त्याच्या अकरा कांड्या झाल्या.

त्यानंतर चर्चेचे वळण बदलले. हवा फुकट देते ते यंत्राकडून का घ्यायचे, हा दादांचा प्रश्न. हवा आषाढात देत नाही, हे मुलाचे उत्तर. आणि यंत्र चातुर्मासापुरते, पण हप्त्याला चातुर्मास नसतो, ही आमची भर. तेव्हा पुतण्याने हिशेब पुन्हा मांडला. अर्धे पाणी असलेला हजार किलो भुसा नुसत्या हवेने ३० टक्क्यांवर आणला, तर त्याचे वजन ७१४ किलो राहते. म्हणजे २८६ किलो पाणी हवेने आधीच नेलेले असते, आणि यंत्राला काढायचे उरते केवळ १५८ किलो. शेवटचे पाणी सोडवणे कठीण असते खरे, पण ४४४ आणि १५८ या आकड्यांत जे अंतर आहे तेच मोठ्या आणि लहान यंत्रात, आणि तेच अख्ख्या वाड्यात आणि वाड्याच्या निम्म्या हिश्श्यात. पावसाळ्यातसुद्धा उघडीप असतेच. भुशावर थेंब पडू न देता, पातळ थर देऊन, दिवसातून तीन वेळा पालटला, तर पुष्कळ पाणी वारा नेतो. सर्वांत स्वस्त वाळवणयंत्र म्हणजे छप्पर, हे त्या रात्री आमच्या ध्यानात आले.

म्हणून ठरले ते असे: आवारात पारदर्शक पत्र्यांचे उंच छप्पर, जमिनीपेक्षा अडीच फूट वर चढवलेला सिमेंटचा ओटा, आणि तासाला दोनशे किलो पाणी काढील एवढाच फिरता ड्रम. मूळ आराखड्याच्या निम्म्याहून लहान. खरेदीचा करार दादांनी स्वतः लिहिला. त्यात ‘टन’ हा शब्द त्यांनी एकदाही येऊ दिला नाही. आत जाणाऱ्या भुशाचा ओलावा इतका, बाहेर येणाऱ्याचा इतका, तासाला पाणी इतके. चाचणी आमच्या आवारात, आमच्या भुशावर, आणि तीही पावसाळी दिवशी. तोवर रकमेचा पाचवा भाग आमच्याकडे. भट्टी आणि ड्रम यांच्यामध्ये ठिणग्या अडवणारी पेटी, सायक्लोनवर दाब सुटण्याची झडप, ड्रमच्या शेवटी तापमापक आणि पाण्याचा फवारा. वाळलेला बारीक भुसा हवेत उडत असताना एक ठिणगी पुरे असते, हे वखारवाल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. प्रदूषण मंडळाची संमती आणि विम्याचा कागद आल्याखेरीज भट्टी पेटवायची नाही, हे कलम शेवटचे. यंत्र करणाऱ्या गृहस्थांनी करार वाचून एवढेच म्हटले की, इतके पाणी त्यांच्याकडे आजवर कोणी मोजून मागितले नव्हते.

ड्रम २०२५ च्या ज्येष्ठात बसला. आषाढात पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी चाचणी झाली, आणि दुसऱ्या खेपेस ती कराराप्रमाणे उतरली. सगळेच सुखाचे झाले असे म्हणता येणार नाही. श्रावणातील झडीच्या दिवसांत छपराखालचा भुसा चाळीस टक्क्यांखाली उतरेना. मग ड्रममध्ये तो सावकाश सोडावा लागे आणि प्रेस निम्म्या वेगाने चाले. भट्टीने आमच्या अपेक्षेपेक्षा थोडा अधिक भुसा खाल्ला. पण प्रेसचे कुलूप चारही महिने काढलेले राहिले, कामावरची आठ माणसे गावी परत गेली नाहीत, आणि ओल्या मालाची मूठ आवळून वजावट करणाऱ्याकडे आम्हांला जावे लागले नाही. पुण्याच्या नेमणूकपत्राची मुदत केव्हा टळली, ते पुतण्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली. या चार महिन्यांत दादा रोज संध्याकाळी वखारीतून निघताना एकच चौकशी करीत. आज कांड्या किती झाल्या, पैसे किती झाले, हे नव्हे. “आज पाणी किती गेले?” एवढेच. पुतण्या वहीतून आकडा सांगे. दादा मान हलवीत आणि निघत. हा माणूस वाड्याच्या विक्रीनंतर वर्षभर त्या रस्त्याने गेला नव्हता. वाळवणात आपण काही घालत नाही, काढतो. आणि जे निघून जाते ते पूर्वी आपल्यातच होते, आपल्याच वजनात धरले जात होते. ते जाताना जड वाटणारच. आजीच्या पिढीला हे उन्हाने आपोआप शिकवले. आम्हांला त्यासाठी दरपत्रके मागवावी लागली.

कार्तिकी एकादशीला चातुर्मासाचा हिशेब पुरा झाला. पुतण्याने वही दादांपुढे ठेवली. भुसा, पाणी, भट्टी, वीज, हप्ता, शिल्लक, सगळे रकाने नीट आखलेले. दादांनी शेवटच्या रकान्यापर्यंत बोट नेले, बँकेत उरलेल्या निम्म्या हिश्श्याचा आकडा पाहिला आणि वही मिटली. मग उठून छपराच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथून मोठ्याने म्हणाले, “अरे, हे अजून चाळीस फूट लांबवायला हवे.”